नाथसागराच्या फुगवट्यावर चार रात्री, एक खोप आणि एक चप्पल

माळवद | २८ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, मागं इथंच कुणीतरी विचारलं होतं की मराठवाड्यात पाण्याकाठी, माणसांपासून लांब, चार दिवस राहता येईल अशी जागा आहे का. तेव्हा ‘मराठवाडा अन् पाणी?’ म्हणून आपण सगळ्यांनी त्या बिचाऱ्याची यथेच्छ उडवली होती. मी त्यात पुढं होतो. तर हा धागा प्रायश्चित्ताचा.

नुकत्याच चार रात्री पैठणच्या धरणाच्या, म्हणजे जायकवाडीच्या नाथसागराच्या, फुगवट्यावर काढून आलो. रिसॉर्ट नाही, तंबू नाही. मित्राचे चुलते आहेत, आपण त्यांना तात्या म्हणू, त्यांच्या गाळपेरीतली खोप. गाळपेर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीनंतर धरणाचं पाणी उतरायला लागतं तशी खालची काळी जमीन उघडी पडत जाते. वर्षानुवर्षांचा गाळ, आत ओल भरपूर. त्यात हरभरा, गहू टाकायचा, उन्हाळ्याकडं टरबूज. पावसाळ्यात धरण भरलं की शेत पुन्हा पाण्याखाली. शेतच सात-आठ महिन्यांचं, तर घर कुठून पक्कं असणार?

बाभळीच्या सहा मेढी, तुराट्यांचा कूड, आतून शेणामातीनं लिंपलेला, वर उसाचं पाचट आणि पाचटावर निळी ताडपत्री. दाराला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स. त्यावरच्या भावी नेत्याचा अर्धा चेहरा चारही रात्री माझ्याकडं बघत होता. आत एक बाज, दोन वाकळा, खुंटीला बॅटरी आणि मिठाचा पुडा. बस. चूल बाहेर, वारा लागू नये म्हणून तीन बाजूंनी दगड. वीज नाही. रेंज पाहिजे असेल तर बांधावर उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या सीटवर चढायचं, आणि तेही बायकोला ‘पोचलो’ एवढं सांगण्यापुरतंच.

पिण्याचं पाणी? सांगतो, हसू नका. जार. रोज सकाळी तात्यांचा नातू गावातून मोटारसायकलवर वीस लिटरचा जार आणायचा. समोर नजर पोचत नाही तिथवर पाणी आणि आम्ही जारच्या तोटीखाली तांब्या धरून बसलेलो.

दिवस कसे गेले ते सांगायला फार काही नाही. सरपण गोळा केलं, भाकरी थापायचा प्रयत्न केला (तात्यांनी त्या बैलालाही घातल्या नाहीत), हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून घोळाणा केला, एका होडीवाल्यानं दोन चिलापी दिल्या त्या तव्यावर तिखट-मीठ लावून भाजल्या. बाकी नुसतं बसून राहणं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात सारखा खिशातल्या मोबाईलकडं जायचा. नंतर विसरला.

लिहायचं आहे ते दोन गोष्टींबद्दल.

पहिल्या संध्याकाळी तात्या पाण्याच्या कडेला गेले आणि जिथं पाणी संपतं, बरोबर तिथं हातभर तुराटी खोचून आले. ‘कामून?’ तर म्हणे, ‘सवय हाय.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तुराटी कोरड्यात उभी, पाणी तिच्यापासून चार पावलं मागं. तिथं दुसरी तुराटी. तिसऱ्या संध्याकाळी पाच पावलं. चौथ्या दिवशी मोजली तर अकरा. तात्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘कालवा सुटला.’ ना फोन, ना पेपर. घरी आल्यावर पेपरात बघितलं तर खरंच, रब्बीचं आवर्तन आदल्या दिवशी सोडलेलं होतं. खोपही त्यांनी ह्या मोसमात दोनदा खाली सरकवली आहे, मेढ्यांसकट. ‘पाणी मोहरं चाललं की आपणबी मोहरं,’ असं त्यांचं गणित.

दुसरी गोष्ट माझ्या मूर्खपणाची. तिसऱ्या दिवशी पहाटे धुक्यातून पक्ष्यांचा आवाज येत होता, फोटो काढावा म्हणून मी तुराट्यांच्या पुढं गेलो. वरून जमीन वाळलेली दिसते, भेगाही पडलेल्या. सहाव्या पावलाला डावा पाय गुडघ्याच्या वर गेला. काढायला उजव्यावर जोर दिला तर तो मांडीपर्यंत. गाळ थंडगार आणि ओढतो, खरंच ओढतो. जितकं हलावं तितकं आत. हाक मारली तर आवाज घशातून फुटेना. तात्या आले ते पळत नाही, चालत. येताना बाजेशेजारची फळी खांद्यावर. ती माझ्यापुढं आडवी टाकली आणि म्हणाले, ‘पोटावर पड. पाय नको उपटू, ढिला सोड.’ दहा मिनिटं लागली. मी निघालो, डावी चप्पल राहिली. हात घालून शोधायला लागलो तर तात्यांनी मनगट धरलं. ‘राहू दे तिला.’

फोटो एकही नाही. मोबाईल कोरडा राहिला एवढंच.

---

बिनपाण्याचा_नळ | २८ डिसेंबर, रात्री १०:१५

धरणाकाठी जार! हे वाचून आमच्या कॉलनीतला नळ गहिवरला. तो आठ-दहा दिवसांतून एकदा येतो, त्याच धरणातून. तुम्हाला निदान रोज नवीन जार मिळाला, नशीबवान आहात.

बाकी चपलेला श्रद्धांजली.

---

पाणकावळा | २८ डिसेंबर, रात्री ११:०२

अहो, पण पक्षी कोणते होते? सगळं लिहिलंत आणि मुद्द्याचं राहिलं!

डिसेंबरात पहाटे गाळपेरीच्या कडेला ‘आंग-आंग’ असा नाकातून काढल्यासारखा आवाज असेल तर ते पट्टकादंब. राखाडी बदकासारखा मोठा पक्षी, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. सोबत विटकरी रंगाचे चक्रवाक असतील, ते जोडीनं असतात. नाथसागर आधीच उथळ, त्यामुळं पाय बुडवून चरणाऱ्या पक्ष्यांना फार सोयीचा. रोहित पक्षी, चमचे, शराटी, सगळी जत्रा. १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं ते उगाच नाही. कांड्या करकोचे दिसले का?

---

माळवद | २९ डिसेंबर, सकाळी ७:५०

@पाणकावळा, डोक्यावर काळे पट्टे होते, म्हणजे तुमचे पट्टकादंबच. शंभरेक तरी असतील. पण तुम्हाला आवडणार नाही ते सांगतो. ते हिमालय ओलांडून येतात आणि रात्री तात्यांचा हरभरा खातात. रात्री दोनला मला जाग आली ती डब्याच्या ठणठणाटानं. तात्या अंगावर घोंगडं घेऊन तेलाचा रिकामा डबा बडवत बांधावरून चाललेले, तोंडानं ‘हुर्रर्र हो’. कळप उठला तेव्हा अंधारात पंखांचा आवाज असा झाला की एखादं मोठं जाजम झटकतंय. थोडं लांब गेले, बसले. तासाभरानं परत. पुन्हा डबा.

मी म्हणालो, तात्या, लोक लांबून कॅमेरे घेऊन ह्यांना बघायला येतात. तात्या म्हणाले, ‘मग त्यायला सांगा, हरभऱ्याचे पैसे बी घेऊन या.’

---

पाणकावळा | २९ डिसेंबर, सकाळी ९:३०

😀 बरोबर आहे. आम्ही दुर्बिणीच्या ह्या बाजूला, तात्या त्या बाजूला.

---

स्टेथो | २९ डिसेंबर, दुपारी १:२०

ग्रामीण भागात अठरा वर्षं दवाखाना चालवतोय, म्हणून थोडं रसभंग करणारं लिहितो. हा धागा वाचून चार जण निघतील हे मला दिसायलंय.

खोपीत बाज आहे हे वाचून बरं वाटलं. जमिनीवर झोपू नका. बाजेवर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा वाकळीखाली सगळीकडून खोचा. हे डासांसाठी नाही, मण्याराकरता आहे. मण्यार रात्री फिरतो, अंथरुणात येतो, आणि तो चावलेलं पुष्कळदा कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही. सकाळी माणूस पोट दुखतंय म्हणतो, मग पापण्या जड होतात. झोप झाली नसेल म्हणून घरचे चहा पाजतात आणि वेळ जातो. खोपीत झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील तर दुसरं काही समजू नका.

साप चावल्यावर करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळं साप मारून पिशवीत आणायची गरज नाही. एकानं माझ्या टेबलावर जिवंत घोणस ठेवली होती. त्यानंतर मीच खुर्चीवर.

आणि रेंजची जागा आधी दिवसा शोधून ठेवा. रात्री मोटारसायकलवर चढून फोन लावणं वेगळं.

---

चाकोरी | २९ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

लेख छान, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. फुगवट्याचा हा भाग अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथं परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. संपादित जमीन सरकारची, गाळपेर कसायला मिळते ती पिकासाठी. त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं. ती पाहुण्यांना राहायला द्यायची सोय नाही. तात्यांची अडचण तुम्ही वाढवू नका. आज तुम्ही चूल पेटवली, उद्या कुणी स्पीकर आणि बाटल्या घेऊन येईल. धरणाच्या दुसऱ्या अंगाला सुट्टीच्या दिवशी काय अवस्था असते ती बघून या: बाटल्यांच्या काचा, वेफर्सच्या पिशव्या, पाण्यात उतरवलेल्या गाड्या.

---

माळवद | २९ डिसेंबर, रात्री ८:४५

@चाकोरी, मुद्दा बरोबर आहे आणि मला टोचला. तात्यांचं पक्कं आखाड्याचं घर वर, पाणी पोचत नाही तिथं स्वतःच्या शेतात आहे. मी तिथंच राहायला गेलो होतो, खाली खोपीत झोपायचा हट्ट माझा. पुढच्या वेळी वरच झोपेन. गाव आणि नाव दोन्ही म्हणूनच लिहिलेलं नाही, आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारणाऱ्या सहा जणांनाही हेच उत्तर.

---

पुणेकर_पाहुणा | २९ डिसेंबर, रात्री ९:०५

मस्त अनुभव! आम्ही दोन फॅमिली आहोत, २५ जानेवारीच्या लाँग वीकेंडला यायचा विचार आहे. टॉयलेट वेस्टर्न आहे का? आणि कयाकिंग होतं का?

---

बिनपाण्याचा_नळ | २९ डिसेंबर, रात्री ९:०७

टॉयलेट पूर्वेकडं तोंड करून आहे, आकाशाखाली. कयाकिंगसाठी तात्यांची फळी आहे. फक्त आधी रुतावं लागतं.

---

निवृत्त_पाटकरी | ३० डिसेंबर, सकाळी ११:१५

तुराटीची गोष्ट वाचून लिहावंसं वाटलं. तीस वर्षं डाव्या कालव्यावर काम केलं, दोनशेआठ किलोमीटरचा कालवा आहे. उजवा एकशेबत्तीसचा.

तात्या खोचतात ती तुराटी म्हणजे आमची मोजपट्टीच. ह्या धरणाची रचनाच तशी आहे. मातीचं धरण, लांबी जवळजवळ दहा किलोमीटर, उंची मात्र एक्केचाळीस मीटर. ताटलीत पाणी ओतल्यासारखं पसरतं, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. डोंगरातल्या धरणात वीतभर पाणी उतरलं तर काठाला कळत नाही. इथं सपाटीला बोटभर उतरलं की काठ पाच-सहा पावलं मागं. उन्हाळ्यात तर पाणी नुसतं उन्हानंच उडतं, कालवा बंद असला तरी. २०१९ च्या मे महिन्यात धरण मृतसाठ्यात गेलं होतं तेव्हा मी स्वतः जुन्या बैलगाडीच्या वाटेनं चालत गेलो आहे, जिथं पावसाळ्यात होडी चालते.

आणखी एक, पोरांना माहीत नसतं म्हणून. पैठणला धरण आणि नाव जायकवाडी का? कारण पहिली आखणी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती. जागा बदलली, कागदावरचं नाव तसंच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिराजींनी उद्घाटन. मी नोकरीला लागलो तेव्हा साहेब लोकांच्या तोंडीही ‘पैठणचं जायकवाडी’ असंच होतं.

---

येळवस_लातूर | ३० डिसेंबर, दुपारी ३:४०

आमच्याकडं लातूर-धाराशिवला येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, शेतात कडब्याची कोपी करतात. आत पाच पांडव, चुन्यानं रंगवलेले दगड. भज्जी, आंबिल, उंडे, सगळं शिवारातच जेवायचं. पण ती कोपी एका दिवसाची. संध्याकाळ झाली की घरी. लहानपणी मला तिच्यात रात्री झोपायचं होतं, आजी म्हणायची रात्री तिथं पांडव झोपतात, तुला जागा नाही. तुमचा धागा वाचून ते आठवलं. थंडी किती होती हो? यंदा हीव लै पडलंय.

---

माळवद | ३० डिसेंबर, सायंकाळी ७:२०

@येळवस, पहाटे चारला सगळ्यात जास्त. पाण्यावरून येणारा वारा कुडाच्या फटीतून बरोबर कानात. दोन्ही वाकळा, स्वेटर, माकडटोपी, आणि तरी पाय गार. तात्या मात्र बाहेर चुलीपाशी घोंगड्यात. रात्री घड्याळ बघायला ते बॅटरी लावत नाहीत. तिकांडं (मृगातले ओळीतले तीन तारे) कुठं आलंय ते बघतात. पहिल्या रात्री मला वाटलं गंमत करतात. तिसऱ्या रात्री मी मोबाईल लपवून ताडून बघितलं, पंधरा-वीस मिनिटांचा फरक.

कोल्हेकुई रोज. बिबट्याबद्दल विचारलं तर तात्यांनी उसाकडं हात दाखवला आणि विषय बदलला.

---

गोदूताई | ३१ डिसेंबर, दुपारी १२:३०

मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझं माहेर ह्याच पाण्याखाली आहे. कोणत्या बाजूला ते सांगत नाही, सांगून आता कुणाला ओळखू यायचं नाही. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. गाव उठलं ते एका दिवसात नाही, उन्हाळाभर उठत होतं. ज्यांना जे काढता येईल ते काढत होते. आमच्या वडलांनी वाड्याच्या सागवानी तुळया काढल्या, कड्या काढल्या, शेवटी दाराची चौकट. ती बैलगाडीत आडवी घातली आणि मला तिच्या मधोमध बसवलं. म्हणजे मी आमच्या घराच्या दारात बसूनच गाव सोडलं म्हणा ना.

नव्या जागी प्लॉट मिळाला, घर बांधलं, तर चौकट उंच झाली. नवीन घराची भिंतच तेवढी नव्हती. सुतारानं चौकट खालून वीतभर कापली. कापलेले ते दोन तुकडे आई पुढं कितीतरी वर्षं पाटाखाली उटी म्हणून वापरायची.

तुम्ही सगळे तिथं शांतता आहे म्हणताय. असेल. आमच्या वेळी तिथं गुरांचा, दळणाचा आवाज होता. सोमवारचा बाजार होता. मला कुणाला दोष द्यायचा नाही, ह्याच पाण्यावर माझी लेकरं संभाजीनगरात वाढली. पण ‘निर्मनुष्य’ असा शब्द वाचला की जरा थांबायला होतं. तुमच्या लेखात तो नव्हता, म्हणून लिहिलं.

तुमचे तात्या कुठल्या गावचे?

---

माळवद | ३१ डिसेंबर, रात्री १०:५०

ताई, दिवसभर उत्तर सुचलं नाही.

तात्या त्यातलेच. तिसऱ्या रात्री पाण्याकडं हात करून म्हणाले होते, ‘तिथं आमची विहीर हाय.’ ‘होती’ नाही म्हणाले. मी तेव्हा चप्पल गेली म्हणून वैतागलेला, नीट ऐकलंही नाही. त्यांच्या गावाचं नाव तुम्हाला व्यनि केलं आहे.

---

गोदूताई | १ जानेवारी, सकाळी ६:१५

वाचलं. आमच्या शेजारचं गाव. आमच्या आत्याचं सासर. त्यांना विचारा, पाराजवळ कडुनिंब होता त्याला दोन फांद्या होत्या की तीन. मला आणि माझ्या भावाला गेली चाळीस वर्षं ह्यावर एकमत करता आलेलं नाही.

---

माळवद | ११ मे, सायंकाळी ५:३०

धागा वर काढतोय, माफ करा.

काल तात्यांचा फोन. पाणी आता खोपीच्या जुन्या जागेपासून किलोमीटरभर लांब गेलंय. ह्या वेळी खोप त्याच्यामागं नेली नाही, वयानं होत नाही म्हणाले. टरबूज झकास लागलंय, पण भाव पडलाय, व्यापारी बांधावर येऊन जातो आणि परत येत नाही.

@गोदूताई, तीन फांद्या. पण एक वीज पडून गेली होती, म्हणून काहींना दोनच आठवतात असं ते म्हणाले. तुम्ही दोघंही जिंकलात.

आणि चप्पल सापडली. टरबुजाला आळं करताना कुदळीला लागली. पट्टा शाबूत आहे. तात्यांनी ती धुऊन बांधावरच्या बाभळीला टांगली आहे. नातवाला वाटतं, टरबुजाला दृष्ट लागू नये म्हणून.

---

बिनपाण्याचा_नळ | ११ मे, सायंकाळी ५:४४

उजवी घेऊन जा. जोडी झाली तर भाव चढेल.